खोकल्या-सर्दीचं सिरप: बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत जे नाव असतं, ते औषध निवडायला आणि डोस ठरवायला जवळपास निरुपयोगी आहे. एकाच नावापुढे ‘डीएक्स’, ‘एलएस’, ‘प्लस’, ‘कोल्ड’ अशी शेपटं लागतात आणि शेपूट बदललं की आतली औषधंही बदलतात. एका बाटलीत खोकला दाबणारं औषध असतं, दुसरीत कफ पातळ करणारं, तिसरीत त्याच्या जोडीला ताप उतरवणारंही. त्यामुळे ‘मागच्या वेळी याच नावाचं आणलं होतं’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. बाटली फिरवून मागचे घटक वाचायची सवय लागली, की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

आधी ठरवा, सिरप लागतंय का

साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि ७ ते १० दिवसांत आपली आपण जाते. खोकला मात्र मागे रेंगाळतो. नाक मोकळं झाल्यावरही तो तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि तेवढ्यावरून आजार वाढतोय असं होत नाही. कुठलंही सिरप हा काळ कमी करत नाही. जमलं तर त्रास थोडा हलका करतं, एवढंच त्याचं काम. मोठ्या माणसांतही या औषधांचा उपयोग होतो याचे पुरावे कच्चेच आहेत, आणि लहान मुलांत तर फायद्यापेक्षा धोक्याचं पारडं जड आहे. अँटिबायोटिकचा साध्या सर्दीवर काहीच उपयोग नाही.

खोकला हा मुळात छातीतला कफ बाहेर टाकायचा शरीराचा मार्ग आहे. कफ सुटत असेल तर तो खोकला दाबू नये. कोरड्या खोकल्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसेल, तर मोठ्या माणसाने दोन-तीन रात्री दाबणारं सिरप घेणं समजण्यासारखं आहे. एरवी भरपूर पाणी, कोमट पेयं, नाकात मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे थेंब आणि झोपताना उशाकडची बाजू थोडी उंच, एवढ्यावर भागतं. एक वर्षावरच्या मुलाला झोपण्यापूर्वी अडीच ते पाच मिली मध देता येतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, चाटणसुद्धा नको. मधातले बोटुलिझमचे, म्हणजे एका गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे, बीजाणू त्या वयात आतड्यात वाढू शकतात. मुलांना उकळत्या पाण्याची वाफ देणंही टाळा, कारण भांडं कलंडून भाजण्याची भीती मोठी आणि फायदा नगण्य.

मागची बाजू कशी वाचायची

लेबलवर ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ असं लिहून खाली घटकांची नावं आणि मिग्रॅमध्ये प्रमाण दिलेलं असतं. काही बाटल्यांवर ५ मिलीऐवजी १ मिली किंवा १० मिली असतं, तिथे नजर चुकते. ही नावं साधारण पाच-सहा गटांत बसतात.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारं औषध. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं आणि फक्त कोरड्या खोकल्यासाठी असतं. मोठ्या माणसासाठी एका वेळी १० ते २० मिग्रॅ दर चार तासांनी, आणि २४ तासांत १२० मिग्रॅच्या वर नाही, अशी त्याची मर्यादा आहे. कोडीनही याच गटातलं, पण ते अफूच्या कुळातलं. शरीरात त्याचं मॉर्फिन होतं. काही माणसांत हे रूपांतर जन्मतःच फार वेगाने होतं आणि नेहमीच्या डोसलाही श्वास मंदावतो. कुणाच्या शरीरात ते वेगाने होईल हे वरून ओळखता येत नाही. त्यामुळे मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कोडीनचं सिरप द्यायचं नाही, आणि मोठ्यांनीही चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

ग्वायफेनेसिन, अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन ही कफ पातळ करून सुटायला मदत करणारी औषधं. सोबत पाणी भरपूर प्यायलं तरच त्यांचा काही उपयोग. साल्बुटामॉल, लेव्होसाल्बुटामॉल, टर्ब्युटालिन ही श्वासनळ्या रुंदावणारी औषधं मुळात दम्यासाठीची आहेत. घरघर नसलेल्या साध्या खोकल्यात त्यांचा फायदा नाही. उलट हात थरथरतात, छाती धडधडते, मूल रात्री जागं राहतं. ‘औषध दिल्यापासून पोर झोपतच नाही’ अशी तक्रार असली की लेबलवर बहुधा यातलंच एखादं नाव सापडतं.

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही शिंका आणि वाहतं नाक कमी करणारी. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि लघवी अडण्याचा धोका असतो. फिनाइलेफ्रिन हे चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घालतात, पण पोटात घेतल्यावर ते नेहमीच्या डोसला काम करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली एकमताने काढला. तरी कितीतरी बाटल्यांत ते आहेच. नाक मोकळं होण्याची खात्री नाही, रक्तदाब वाढायची शक्यता मात्र आहे.

शेवटचं नाव पॅरासिटामॉल. ते खाली पुन्हा येणार आहे, कारण सर्वांत जास्त गफलत त्याचीच होते.

एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सोडवणारं अशी दोन्ही औषधं दिसली तर ती बाटली परत ठेवा. कफ सुटा करायचा आणि तो बाहेर टाकणारा खोकलाच बंद करायचा, यात काही अर्थ नाही. जितके घटक कमी तितकं बरं. जो त्रास आहे त्याचंच औषध, हा नियम चार घटकांच्या मिश्रणात पाळताच येत नाही.

वय

वयाच्या मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत, दिशा मात्र सगळीकडे एकच. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीचं सिरप कुठेच सुचवलं जात नाही. अमेरिकेतले उत्पादक चार वर्षांखाली देऊ नका असं छापतात, ब्रिटनमध्ये ही रेषा सहा वर्षांवर आहे. भारतात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. सहा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय हे सिरप द्यायचंच नाही, असं धरून चाललं तर कुठलाच नियम मोडत नाही.

मोठ्यांच्या सिरपचा ‘अर्धा चमचा’ म्हणजे मुलांचा डोस नव्हे. मुलाचं यकृत, मूत्रपिंड आणि श्वासाचं नियंत्रण मोठ्यांपेक्षा वेगळं चालतं. काही घटक तर कितीही कमी केले तरी त्या वयात चालत नाहीत. थोरल्या भावंडाच्या चिठ्ठीवरचं औषध धाकट्याला देणं हीदेखील तीच चूक.

मोजणं

स्वयंपाकघरातला चमचा ड्रॉवरमध्येच राहू द्या. घरगुती चहाच्या चमच्यात अडीच मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही मावतं. चिठ्ठीवरचा ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिली, आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. ही अदलाबदल झाली तर डोस सरळ तिप्पट होतो. डॉक्टर किंवा औषध देणारा ‘एक चमचा’ म्हणाला, तर ‘किती मिली?’ असं विचारून तो आकडा बाटलीवर पेनने लिहून घ्या.

मोजायला बाटलीसोबत आलेलं माप वापरायचं, किंवा सुई नसलेली तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज. एका औषधाचं झाकणमाप दुसऱ्या औषधाला लावू नका, त्यावरच्या रेषा वेगळ्या असू शकतात. प्लॅस्टिकचं माप असेल तर ते सपाट जागेवर ठेवा आणि स्वतः खाली वाकून डोळे रेषेच्या पातळीला आणा. हातात उंच धरून पाहिलं की पातळी वेगळीच भासते. पातळ औषध कडेला थोडं वर चढतं, मध्ये खोलगट दिसतं. त्या खोलगट भागाचा तळ रेषेवर यायला हवा. ५ मिलीच्या आतला डोस मापाने नीट मोजताच येत नाही, तिथे सिरिंजच हवी.

सिरिंज भरताना आधी तिच्या टोकाचं छोटं टोपण काढून दूर ठेवा. ते मुलाच्या घशात अडकू शकतं. दट्ट्या खेचून औषध थोडं जास्त घ्या, टोक वर करून टिचकी मारा, हवेचा बुडबुडा वर आला की हलकेच ढकलून बाहेर काढा आणि मग दट्ट्याची टोकाकडची कड हव्या त्या रेषेवर आणा. ०.५ मधलं टिंब डोळ्यांतून निसटून ते ५ वाचलं गेलं तर डोस दहापट होतो. म्हणून लहान आकडा असेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सिरिंज दाखवूनच द्या. देताना मुलाला बसतं करा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. घशाच्या दिशेने जोरात पिचकारी मारली की ठसका लागतो आणि औषध श्वासनळीत जाऊ शकतं. रडणाऱ्या, आडव्या पडलेल्या किंवा झोपेतल्या मुलाच्या तोंडात औषध ओतू नका. दुधाच्या पूर्ण बाटलीतही मिसळू नका, कारण दूध उरलं तर डोस किती गेला ते कळत नाही.

लेबलवर ‘सस्पेन्शन’ असेल तर प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा. औषधाचे कण तळाशी बसतात. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे भलतेच जोरकस जातात.

आता पॅरासिटामॉल. मुलांसाठी ते तीन-चार वेगवेगळ्या ताकदींत मिळतं: ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ, ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ, आणि तान्ह्या बाळांचे थेंब, ज्यांच्या एका मिलीत १०० मिग्रॅ असतं. १२ किलोचं मूल धरू. एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे जास्तीत जास्त १५ मिग्रॅ, म्हणजे १८० मिग्रॅ. हा डोस पहिल्या बाटलीतून ७.५ मिली, दुसरीतून ३.६ मिली आणि थेंबांच्या बाटलीतून १.८ मिली होतो. घरी पहिली बाटली संपली, नवीन दुसऱ्या ताकदीची आली आणि सवयीने ७.५ मिलीच दिलं, तर मुलाच्या पोटात ३७५ मिग्रॅ जातं. थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर ७५० मिग्रॅ, चौपटीहून जास्त. थेंब बाळांचे असतात म्हणून सौम्य असतील हा समज अगदी उलटा आहे. बाळाला जास्त प्रमाणात पाजता येत नाही, म्हणूनच ते दाट केलेले असतात. नवी बाटली आणली की मिली पुन्हा काढून घ्या.

वेळ आणि दिवस

दिलेल्या डोसची वेळ कागदावर किंवा फोनमध्ये लिहा. आई देते, बाबा देतात, आजी देते आणि कुणाला कुणाचा पत्ता नसतो, अशा घरांत हाच कागद कामाला येतो. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान ४ तास, बहुतेक वेळा ६ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. औषध दिल्यावर मुलाने उलटी केली तर घाईने पुन्हा देऊ नका. आत किती राहिलं हे सांगता येत नाही आणि खोकल्याचं औषध एक वेळ न मिळाल्याने काही बिघडत नाही.

तीन ते पाच दिवसांत फरक वाटला नाही तर ते सिरप बंद करा. बाटली संपवायलाच हवी असं काही नाही, तो नियम डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकचा. नाकात घालायचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तर पाच दिवसांपलीकडे नकोतच. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. आणि मूल शांत झोपावं म्हणून सर्दीचं सिरप देणं हा सरळसरळ गैरवापर आहे, प्रवास असो की पाहुणे आलेले असोत.

सोबत चालू असलेली औषधं

तापाची गोळी आणि सर्दीचं सिरप एकत्र घेणारा माणूस बहुधा पॅरासिटामॉल दोनदा घेत असतो, आणि ते त्याच्या गावीही नसतं. मोठ्यांसाठी सगळ्या गोळ्या, सिरप, पुड्या मिळून २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा फारच कमी वजन असेल तर ती खाली येते, किती ते डॉक्टरांना विचारा. ॲलर्जीची रोजची गोळी चालू असताना क्लोरफेनिरामिनचं सिरप घेतलं तर झोपेचा मारा दुहेरी होतो. त्यात झोपेची गोळी किंवा दारू मिसळली तर श्वासावर परिणाम होतो. असं सिरप घेऊन गाडी चालवू नका. सकाळी ताजंतवानं वाटलं तरी प्रतिक्रिया मंदावलेल्या असू शकतात.

नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन, सर्ट्रालिन यांसारखी गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन्हींमुळे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून घाम, थरथर, बेचैनी, ताप, गोंधळ असा प्रकार होऊ शकतो. एमएओ इनहिबिटर गटाची (नैराश्य किंवा पार्किन्सनसाठी दिली जाणारी काही) औषधं घेणाऱ्यांना तर ते पूर्ण वर्ज्य, ती बंद केल्यावरही १४ दिवस. रक्तदाबवाल्यांनी फिनाइलेफ्रिन टाळावं, मधुमेह्यांनी साखरेचं प्रमाण पाहावं. ‘शुगर फ्री’ बाटलीत बहुतेकदा गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, ते जास्त झालं की जुलाब होतात. गरोदरपणात ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ हा तर्क चालवू नका, आधी विचारा.

एक गोष्ट सहज सुटते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातली गोळी सुरू झाल्यावर काही जणांना कोरडा, ठसकेदार खोकला लागतो. गोळी सुरू होऊन काही आठवडे किंवा महिने लोटल्यावरही तो सुरू होऊ शकतो, त्यामुळे गोळीवर कुणाचा संशय जात नाही आणि सिरपच्या बाटल्यांमागून बाटल्या संपतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

बाटली घेताना, ठेवताना

सील तुटलेलं नाही ना, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत हे सगळं वाचता येतंय ना, ते पाहा आणि बिल घ्या. हा नुसता सोपस्कार नाही. सिरपमध्ये द्रावक म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते अशुद्ध किंवा बनावट निघालं तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉल किंवा एथिलीन ग्लायकॉल हे विषारी पदार्थ येतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभराहून अधिक माणसं गेली. २०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर तपासलेल्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं, जिथे मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. हे विष वास, रंग, चव यांवरून ओळखू येत नाही, त्यामुळे घरच्या घरी तपासायचा काही उपाय नाही. हातात असतात ते बॅच क्रमांक आणि बिल. एखादी बॅच परत मागवल्याची बातमी आली तर पडताळायला तेच लागतात. सिरप सुरू केल्यावर मुलाला उलट्या, पोटदुखी आणि लघवी कमी किंवा बंद असं दिसलं तर औषध थांबवून थेट रुग्णालय गाठा, लघवीची वाट पाहत घरी बसू नका.

मुदतीत फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, उघडल्यानंतर किती काळ वापरायचं हे काही लेबलांवर दिलेलं असतं. लेबल सांगत नसेल तर फ्रिजची गरज नाही, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर पुरे. बाटलीला तोंड लावून पिऊ नका. औषध दुसऱ्या बाटलीत काढू नका, विशेषतः पेयाच्या. मुलांना न उघडणारं झाकण टक् असा आवाज येईपर्यंत फिरवा आणि बाटली उंच, बंद कपाटात ठेवा. औषधाला ‘चॉकलेट’ म्हणून पाजलं की मूल पुढे ते स्वतःच शोधून काढतं.

जास्त गेलं तर

उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. किती गेलं असेल याचा अंदाज, वेळ आणि बाटली घेऊन लगेच रुग्णालयात जा. झोप अनावर होणं, श्वास मंद किंवा अनियमित होणं, भ्रम, झटके, छातीची फार धडधड, यांतलं काही असेल तर रुग्णवाहिकाच बोलवा. पॅरासिटामॉल फसवं आहे. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृताला इजा दोन-तीन दिवसांनी उघड होते. त्यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगलं काम करतो. त्यामुळे ‘लक्षणं दिसली तर जाऊ’ असं इथे चालत नाही.

सिरप बाजूला ठेवून डॉक्टर कधी

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप, कुणालाही तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, खोकल्यात रक्त, छातीत दुखणं, ओठ निळसर, मूल पीत नाही किंवा सुस्त पडलंय, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, खोकताना अचानक गुदमरतं, यांत तासाभराचीही ढिलाई नको. रात्री आणि पहाटे पुन्हा पुन्हा येणारा, धावल्यावर वाढणारा खोकला दम्याचा असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत वजन उतरणं आणि रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी करायला हवी.

मुलाच्या श्वासाचा वेग घरीही मोजता येतो. मूल शांत असताना किंवा झोपेत, छातीवरचं कापड बाजूला करून, घड्याळात पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा वेग न्यूमोनियाची शंका घ्यायला पुरेसा आहे. रडत असताना किंवा ताप चढलेला असताना आकडा वाढतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर निघा, आणि दिलेल्या डोसांचा कागद व बाटली सोबत घ्या.